गळक्या घुमटाची कैफियत

मित्रांनो, मी एका जुन्या चित्रपटगृहाचा घुमट आहे. निम्माच आहे म्हणा. उरलेला निम्मा खाली खुर्च्यांवर पडलाय. बोलणंही आता जिवावर येतं, पण तुम्ही फाटकातून डोकावताय, म्हणून सांगतो.

मला घडवताना कारागीर परांचीवर उताणे पडून काम करत. डोळ्यांत चुना गेला की शिव्या मला बसत. त्यांनी माझ्यावर प्लॅस्टरची पानंफुलं उमटवली, कडेने सोनेरी वेल फिरवली, मधोमध झुंबर टांगलं. पहिल्या खेळाला लोक पडद्याकडे पाठ करून मलाच बघत उभे राहिले. मी अगदी फुलून गेलो. पुढे कितीतरी वर्षं त्यांचं हसणं, त्यांचे हुंदके माझ्यापाशी येऊन घुमत.

म्हातारे मालक दर वर्षी स्वतः छपरावर चढून पन्हळीतला पालापाचोळा काढत. ते गेले. त्यांच्या मुलाला चढायचा कंटाळा. पन्हळ तुंबली, पाणी माझ्यात मुरू लागलं. मुलाने खाली बादली ठेवली.

अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर नेणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना बॅटरीकाकू म्हणत. त्या सांगून सांगून थकल्या.

"धाकटे मालक, वर एकदा माणूस चढवा."

"बघू, काकू."

"बादली भरून वाहतेय."

"मग मोठी ठेवा."

मोठी ठेवली. मी आतून कुजत राहिलो.

एका दुपारच्या खेळाला मोजकीच माणसं होती. बरोबर माझ्याखाली एक म्हातारं जोडपं बसलं होतं. माझी भेग करकरली. चित्रपटाच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही; काकूंना कळलं.

"आजोबा, उठा. आजी, तुम्हीही."

"अहो, आत्ता कुठे रंगात आलाय," आजोबा कुरकुरले.

"दारापाशी बसून बघा. चला आधी."

काकूंनी दोघांना दंडाला धरून नेलं. तोवर मी जमेल तेवढं स्वतःला सावरून धरलं, आणि मग झुंबरासकट सुटलो.

कुणाला इजा झाली नाही, पण दारं बंद झाली ती झालीच. मग हळहळायला गर्दी लोटली. केवढी कलाकुसर होती, म्हणाले. फोटो काढून गेले. धाकटे मालक रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्याने भेग बुजत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मला आता दुरुस्तीच्या विचारानेही थकवा येतो. पण तुमच्या घराचं, शाळेचं छप्पर कुठे ओलं दिसलं, तर बादलीच्या आधी शिडी शोधा.

काल बॅटरीकाकू किल्ली मागून आत आल्या. मागच्या रांगेतली एक खुर्ची पदराने पुसून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना इथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांना बसवलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आता जरा मी बसते."

त्या उठेपर्यंत मी कण न् कण आवळून धरला होता.