इथे पंप थांबत नाही

"अलार्म वाजलाच नाही गा भाऊ. वाजला असता तर मले ऐकू आला नसता काय?" अस्मिता सिस्टर माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या.

नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आमच्या कंपनीचा औषध सोडणारा पंप मध्येच बंद पडला आणि रामटेकचे म्हातारे पेशंट मनोहरराव गेले. पंप थांबला की अलार्म वाजतो; तो सिस्टरांनीच बंद केला म्हणे. त्यांना घरी बसवलं. आज चौकशी समितीला आमचं उत्तर जायचं, म्हणून बाई स्वतःच मिहानला, आमच्या कंपनीच्या ऑफिसात आल्या. पंपातला प्रोग्रॅम माझा. चूक निघाली तर माझीच निघणार होती, आणि देवाशपथ, ती निघावी म्हणून मी जिवाचं रान करत होतो.

"नेमकं काय झालं होतं?"

"मी बटण दाबून स्पीड वाढवून राहिली होती. तितक्यात म्हाताऱ्याच्या पोरानं पंपाचा प्लग काढला, मोबाइल चार्जिंगले लावाले. सारेच काढतात. किती जणायवर ओरडू?"

बटण आणि प्लग, एकाच क्षणी! एरवी प्लग निघाला तरी पंप बॅटरीवर चालतो; दोन्ही एकदम आल्यानं माझा प्रोग्रॅम अडकला, अलार्मसकट, हेच असणार. पण तो पंप समितीनं सील केलेला, आणि दुसऱ्या पंपांत हे काही केल्या घडेना. उरली कॉम्प्युटरमधली खोटी चिप. तिच्यावर चालताना प्रोग्रॅमला वाटतं, आपण पंपातच आहोत. ही खोटी चिप मात्र भलती शिस्तीची बया. आधी बटण घेते, मग प्लग. खऱ्या पंपात होते ती चेंगराचेंगरी इथे होतच नाही. आत डोकावायला मी तिला थांबवलं, की तिचं घड्याळही थांबतं, हे मी सिस्टरांना सांगितलं.

"तिथं पेशंट थांबते काय?" सिस्टरांनी विचारलं.

साहेबांचा फोन आला. "सर, बाई खरं बोलताहेत," मी म्हणालो.

"मग दाखव ना, उन्मेष."

दाखवायला काही नव्हतं. मी फोन ठेवला.

"तुले पटलं ना?" सिस्टर म्हणाल्या.

"पटलं."

"मंग तसं लिहून दे."

"पुराव्याशिवाय समिती मानत नाही, ताई." मला स्वतःचीच चीड आली.

त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. "चालव."

चालवलं. सगळं ठीक.

"अजून एक डाव."

नोकरीभर मशीन बंद पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेली ती बाई, एकदा तरी बंद पड, म्हणून हात जोडून माझ्या स्क्रीनकडे बघत होती. पंप चालूच राहिला.