धक्के खाण्याचे माझे काम

मी मोटारीचा एक जुना शॉकॲब्सॉर्बर आहे. मित्रांनो, जीभ वळत नसेल तर मला नुसते ‘शॉक’ म्हणा. जळगावच्या चंपालाल शेठांनी १९३४ साली विलायतेहून दोन माणसांची लाल स्पोर्ट मोटार मागवली. तिच्या पुढच्या चाकांपाशी आम्ही दोघे भाऊ बसलो. दोन पोलादी हात आणि त्यांच्यामध्ये आवळलेल्या लाकडी चकत्या, एवढाच आमचा संसार. खड्ड्यात चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे पोलादी स्प्रिंगा, उसळले की चकत्या हातांवर घासतात आणि उसळी जिरवतात. लोक मात्र भोंग्याचेच कौतुक करीत. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू?

मोटार झुलालभाऊच्या ताब्यात होती. पूर्वी तो शेठांची बैलगाडी हाकायचा. एके दिवशी माझी कुरकुर त्याने ऐकली. “गाडाना आखले तेल लागस, तुले बी लागी, भाऊ,” म्हणत त्याने प्रेमाने माझ्यावर पळीभर एरंडेल ओतले. कुरकुर थांबली आणि माझी पकडही सुटली!

दुसऱ्याच दिवशी शेठांच्या आई धापूबाई लेकीकडे धुळ्याला निघाल्या. काय सांगू! मोटार वाटभर टणाटण उडत होती.

“झुलाल, हाई मोटर शे का बकरी?” त्या कंबर धरून ओरडल्या. धुळ्याला उतरताना त्यांनी बजावले, “वापस जाताना अशीच उडनी, तं उद्याच इकाले लावसू!”

शेठ आईच्या शब्दाबाहेर नव्हते. मोटार विकली असती, तर झुलालभाऊ पुन्हा बैलांमागे बसला असता. तो मोटार घेऊन तडक धुळ्यातल्याच भाईदास मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी मला खोलले, बोट लावून वास घेतला आणि पोट धरून हसले.

“अरे, हाऊ घासीसनच काम करस. त्याले तेल पाजं तं धरी कसा?”

त्यांनी चकत्या पेट्रोलने धुतल्या, उन्हात वाळवल्या, काचकागदाने घासल्या आणि नट बेताने आवळला. झुलालभाऊने चक्क माझ्यासमोर कान धरले. मला इतके हसू आले!

परतताना तो आधीच म्हणाला, “अक्का, चूक मनीच व्हती, मोटरनी नही.”

धापूबाई दार घट्ट धरून बसल्या. पारोळ्यापुढे खड्ड्यांची रांग लागली. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवले. वरून हूं की चूं नाही. रागावल्या की काय? मला धडकी भरली. इतक्यात घोरणे ऐकू आले! एवढी शाबासकी भोंग्याला जन्मात मिळाली नव्हती.

घरापुढे मोटार थांबली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

“एरंडोल उनं का?”

“अक्का, एरंडोल मांगे राही गयं, जळगाव उनं.”

“इतलामा?” त्या पुन्हा रेलून बसल्या. “मंग नशिराबादलगून ली चाल.”

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. पण महिन्यातून एकदा कोणी मला कोरड्या फडक्याने पुसले आणि नट आवळला, तर जळगावपुढचे नशिराबादच काय, तुमच्या आजीला मी त्याहून लांबच्या भुसावळपर्यंत झोपवत नेईन.