कळशीखालचं आभाळ

माझी नात मंजुश्री नांदेडला शिकते. तीन वर्षांपूर्वी तिनं लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घराच्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवला आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या टोपीसारखी अँटेना बसवली. उपग्रहांचे रेडिओ संकेत त्यात येतात. हवेत वाफ वाढली की ते किंचित उशिरा पोचतात. त्या उशिरावरून गारपीट आधी कळेल, असं तिचं म्हणणं. पण ते सिद्ध करायला मशीनवर एकदा तरी गारा पडायला हव्या होत्या. आजूबाजूला पडत, मुरुडला नाही. गुढीपाडव्यानंतर चार दिवसांनी मुदत संपून मशीन परत जाणार होतं.

आणि पाडव्याला, ऐन दुपारी, लिंबाएवढ्या गारा पडल्या.

तिचा फोन आला. "आप्पा, मशीन चालू हाय का?"

"हाय की. खाली मशीनच्या डब्यावर हिरवा दिवा लागलाय."

ती फोनवरच हसली, मग रडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली, चहा न घेताच वर गेली. बराच वेळ उतरेना, म्हणून मी आणि माझी बायको उमाबाई वर चढलो.

मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बसली होती. "काल दिवसभर ह्याला एकबी उपग्रह दिसला न्हाई. वर काय ठिवलं होतं?"

उमाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुझ्या खांबालाच गुढी बांधली गं. तांब्या बसंना त्या टोपीवर, म्हणून तांब्याची कळशी पालथी घातली. तुला यश यावं म्हणून."

"धातूतून संकेत जात न्हाईत, आज्जी." एवढंच ती बोलली. काल सांजेला उतरवलेली कळशी तिथंच कोपऱ्यात होती, तिला गारांचे पोचे आले होते. ती त्यांवर बोट फिरवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी ती खांब काढायला पाना घेऊन वर आली, मागोमाग आम्ही दोघंही, तेवढ्यात पश्चिमेला काळं दाटलं. खाली शेजारचा केरबा ताडपत्री घेऊन रानाकडं पळत होता. "काकू, तुमची ज्वारी उघडी पडलीय! का उपग्रहाला नवस बोलत बसलाव?"

उमाबाई जागची हलली नाही. तिनं पदर पसरला. "पड रे बाबा. हितंच पड."

"आज्जी, असं मागू नगं. गावाचं वाटोळं हुईल."

"हू दे."

मी तिला गप्प करायला हवं होतं. मी आभाळाकडं बघत राहिलो.

चार टिपकं पडली आणि ढग लातूरकडं सरकला. खाली केरबाची माणसं हसत परतली. मंजुश्री नट सोडवू लागली. उमाबाई खांबाला मिठी मारून बसली होती. तिचे हात मलाच सोडवावे लागले.