धक्क्यावरचा उलटा नकाशा

वाचनालयातल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी तीन वर्षं घासून बेटाची माहिती दोनशे पानांवरून पाच ओळींवर आणली होती, आणि भाचीने ती धक्क्यासमोरच्या पाटीवर नकाशासकट रंगवली होती.

"लांबी दोन किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. मधोमध टेकडी. आधी दीपगृह आलं, मग दिव्याला तेल घालणारे, मग त्यांची लग्नं झाली. आज बेचाळीस घरं. पोट भरतं ते मासळी, मीठ आणि दोर वळण्यावर."

शहरातून तपासायला आलेल्या अधिकारी बाईंना पसंत पडली तर पाटी राहणार, नाही तर आजच उतरणार.

"नकाशा उलटा आहे," बाई म्हणाल्या. "उत्तर वर हवी. धक्का उत्तर टोकाला, आणि तुम्ही तो खाली काढलाय."

ग्रंथपालांचा चेहरा पडला. बेटावर धक्क्यापासून चाललं की वर, धक्क्याकडे आलं की खाली. उत्तर कुणी कधी विचारलीच नव्हती.

"मामा, बोला की," भाचीने कोपर मारलं.

"त्यांचं बरोबर आहे गं."

"तुम्हाला सगळ्यांचंच बरोबर वाटतं. स्वतःचं सोडून."

"मिठागरं बघून येते, मग काय ते लिहिते," म्हणत बाईंनी पर्समधून छापील सरकारी नकाशा काढला आणि त्या निघाल्या. रस्ता सांगावा की नको, या विचारात ग्रंथपाल मागे मागे चालत राहिले.

विहिरीपाशी फाटा येताच बाईंनी नकाशा उलटा धरला. मग सुलटा. मग नकाशा तसाच धरून स्वतः गर्रकन फिरल्या आणि थेट दोरवाल्यांच्या पडवीत शिरल्या. दोरवाल्यांनी हसून परत पाठवलं.

बाई मुकाट्याने धक्क्यावर आल्या आणि कमरेवर हात ठेवून पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"मी इथे. सरळ विहीर. तिथून डावीकडे दोर, उजवीकडे मीठ."

छापील नकाशा घडी होऊन पर्समध्ये गेला. बाई तरातरा गेल्या आणि बोट सुटायच्या कितीतरी आधी पांढऱ्याफटक चपलांनी परत आल्या.

"पाटी राहू द्या," त्या म्हणाल्या. "फक्त उत्तरेचा एक बाण काढा. खाली तोंड करून."

बोट दूर गेली तरी ग्रंथपाल मान वाकडी करून ओल्या बाणाकडे बघत होते.

"जरा तिरका नाही ना गं?"

"मामा, आपलं बेटच तिरकं आहे."

"अरेच्चा," ग्रंथपाल म्हणाले. "मग ते मजकुरात घ्यायला हवं होतं."