बाबांचा करंट

माझ्या बायकोनं, अपर्णानं, हॉलमध्ये एक बल्ब लावला. फोनला जोडलेला. घरात येणाऱ्या विजेत उन्हाचा वाटा जास्त असला की हिरवा, कोळशाचा वाढला की लाल. समता कॉलनीत असा बल्ब फक्त आमच्याकडे, त्यामुळे तो बघायला या म्हणून ती दारोदार आमंत्रणं देत सुटली.

नियम सोपा होता. लाल दिसलं की सगळं बंद. मे महिन्यात, संध्याकाळी सात वाजता, पंखासुद्धा.

माझे बाबा, शामराव, चौतीस वर्षं कोरब्याच्या वीजघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर होते. त्या लाल उजेडात ते घामानं निथळत बसायचे आणि आई पेपरनं वारा घालायची.

"चौतीस वर्सं राबलो, अन् आता माह्यी सारी मेहनत म्हंजे लाल बत्ती?" एकदा ते म्हणाले. "आपल्याच घरात मले पंख्याखाली बसाची चोरी!"

मला फार वाईट वाटलं. मी आईला आणखी जाड पेपर आणून दिला. अशा मदतीत माझा हात कोणी धरणार नाही.

दिवसा मात्र हिरव्याचं राज्य. दोन रुमालांसाठी वॉशिंग मशीन, रिकाम्या खोलीत एसी, आणि भर उन्हाळ्यात गीझर. "सूरज की है, बाबा! उन्हाच्या विजेचा दोष नाही लागत," अपर्णा म्हणायची.

बाबांना प्लांटची सवय. रोज सकाळी मीटर बघून डायरीत युनिट लिहायचे. "बल्बच्या आधी दिवसाले अकरा होते. आता एकोणीस होऊन राहिले," त्यांनी जाहीर केलं.

"पण किती स्वच्छ एकोणीस!" अपर्णा म्हणाली.

रविवारी दुपारी तिनं कॉलनीतल्या बायकांना बोलावलं. बल्ब हिरवागार, एसी जोरात. महिला मंडळाच्या अध्यक्ष निवेदिता दीदी कौतुकानं मान डोलवत होत्या, तेवढ्यात बाहेर धुळीचं वादळ उठलं, आभाळ काळवंडलं आणि बल्ब लाल झाला.

सगळ्यांनी आधी बल्बकडे पाहिलं, मग एसीकडे, मग अपर्णाकडे.

"आता बंद करावं लागन ना?" निवेदिता दीदींनी गोड आवाजात विचारलं.

अपर्णाचा चेहरा एवढासा झाला. रिमोट हातात, पण बोट हलेना. बाबा कोपऱ्यातून उठले. मला वाटलं, आता डायरी उघडतात आणि पाहुण्यांसमोर तिचं हसं होतं.

"राहू दे चालू, पोरी," ते म्हणाले. "लाल झाला म्हंजे आमचा करंट आला. घरचाच हाय."

अपर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी तासभर गारव्यात बसल्या.

तेव्हापासून घरात कोणावर अन्याय नाही. दिवसा सूर्याचा मान. संध्याकाळी बल्ब लाल झाला की अपर्णा हाक मारते, "बाबा, तुमचा करंट आला!" आधी त्यांच्या डोक्यावरचा पंखा लावते, मग दोन्ही एसी.

परवा मी विचारलं, "बाबा, आता दिवसाले किती युनिट होऊन राहिले?"

पंख्याखाली पाय पसरून ते मजेत बसले होते.

"डायरी सोडली मी," ते म्हणाले. "घरचं काहून मोजाचं?"