लाटेकडे पाठ

"लाटेकडं पाठ करू नको गं पोरी, लाट कुणाची सगी नाही!" कमरेला दोर बांधून खडकावर उतरलेल्या आईची ती हाक उशियाच्या कानांत लहानपणापासून भरून राहिली होती.

आज तीच आई, दोसिंदा, स्पेनच्या कोरुन्या शहरातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात हात मांडीवर लपवून बसली होती. समोर उशियाचा होणारा नवरा ब्राइस आणि त्याची आई कांदिदा, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणत. येताना गाडीतच उशियानं बजावलं होतं, "आई, खडकांचं काही काढू नकोस हं. आपला मासळीचा व्यापार आहे, असं मी सांगितलंय."

"बरं," एवढंच दोसिंदा म्हणाली होती.

रुमालानं झाकलेलं वाफाळतं ताट आलं. वेटरनं रुमाल उचलला. आत पेर्सेबे, समुद्रातल्या खडकांना चिकटून वाढणारे जीव, काळ्या कातडीचे, टोकाला नखं असलेले, बोटांसारखे. दोसिंदाचा जन्म हेच खडकांवरून खरवडण्यात गेला होता.

"विहीणबाई, खाल्लेत कधी?" कांदिदानं मायेनं विचारलं.

दोसिंदानं लेकीकडे पाहिलं. "नाही बाई. आमच्याकडं कुठले!"

"व्यापार मासळीचा आणि पेर्सेबे नाहीत? हलवायाच्या घरी गोडाचा उपास म्हणायचा!" ब्राइस हसला.

"नखाशी धरा, पिळा आणि ओढा," कांदिदा शिकवू लागली.

दोसिंदानं एक उचलला आणि नवख्यासारखा, त्याचं तोंड स्वतःकडेच ठेवून पिळला. खाऱ्या पाण्याची पिचकारी थेट तिच्या नव्याकोऱ्या ब्लाउजवर. सगळे हसले. दोसिंदाही हसली. आणि उशियासुद्धा.

हसता हसताच तिला आठवलं. आईनं याच हातांनी तिची इवली बोटं धरून शिकवलं होतं, "याचं तोंड समुद्राकडं कर, त्याचं पाणी त्याला परत दे." तो हात चुकणं शक्यच नव्हतं. लेकीचं खोटं राखायला आई मुद्दाम चुकली होती. उशियाची मान वर होईना. डाग पसरत होता, आणि दोसिंदा तो पुसायलाही पुन्हा लपवलेला हात वर काढत नव्हती.

उशियानं आईचा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. भेगाळलेला, एका बोटाचं नख कायमचं गेलेला.

"राहू दे गं आता..." दोसिंदा कुजबुजली.

"दोन्या कांदिदा," उशिया म्हणाली, "मी खोटं बोलले. आमचा व्यापारबिपार काही नाही. माझी आई हे पेर्सेबे खडकावरून काढते. आणि मला ते खायला तिनंच शिकवलं."