गवंड्याने उतरवलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, मला कोणा एकाच्या मापाने शिवलेले नाही. माझा मालक चित्रकार होता. तसबीर काढून घ्यायला येणाऱ्या कुणालाही होईल असा सैल कोट त्याने शिंप्याकडून मुद्दाम करून घेतला.

वकील आले की शेजारी जाड पुस्तके रचली जात. कारखानदाराच्या हाती नकाशाची गुंडाळी येई. मला चढवताच साधा कारकूनही साहेब दिसू लागे. हात रंगवायला अवघड, म्हणून मालक ते सरळ माझ्या खिशांत घालायला लावी. मी मनातून फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी एक म्हातारा गवंडी आला. गावातले इस्पितळ त्याने बांधले होते. तिथल्या दालनात देणगीदारांशेजारी त्याचे चित्र लागणार होते. सोबत त्याची मुलगी होती, त्याच इस्पितळातली परिचारिका.

"बाबा, तिथं सगळे कोटातच आहेत. तुम्ही तेवढे सदऱ्यात दिसलात तर लोक हसतील," ती म्हणाली.

लेकीखातर त्याने मला घातले. ओझी वाहून त्याचा एक खांदा उतरला होता. मी काही त्याच्या अंगावर नीट बसेना. त्याने आरशात पाहिले, मला उतरवले आणि हळुवार घडी घातली.

"कोट झकास आहे हो. पण आतला माणूस कोण, तेच मला ओळखू येईना." मग त्याने पिशवीतून ओळंबा काढला, भिंत सरळ आहे का ते पाहायचे दोरीला टांगलेले वजन. "हा असू द्या हातात."

"असलं चित्र दालनात लावायचे नाहीत," मालक म्हणाला.

"मग घरी लावू."

मुलीचे डोळे भरून आले. मग पुढे होऊन तिनेच बापाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

गवंडी बारा दिवस उभा राहिला. खुर्ची दिली तर म्हणे, "बसून कुणी भिंत बांधतं का?" मालकाने चित्रातले ते हात तीनदा पुसले आणि चौथ्यांदा रंगवले.

मी मोकळाच होतो, म्हणून चित्र पोचवायला मालक मलाच घालून गेला. इस्पितळाचे अध्यक्ष कुरकुरले, "हे काय, गवंड्यासारखं?"

"गवंडीच आहेत ते," मुलगी म्हणाली. "लावायचं तर असंच लावा."

चित्र तसेच लागले.

पुढे मालक गेला. मी वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून राहिलो, मला कसर लागली. आता शाळेच्या नाटकाच्या पेटीत असतो. कधी न्यायाधीश होतो, कधी मंत्री.

मित्रांनो, नाटक संपले की मला पेटीत कोंबू नका. झटका, ऊन दाखवा. मी अजून पुष्कळ टिकणार आहे. मला घालून खुशाल रुबाब करा. फक्त मी अंगावर नसतानाही मान ताठ राहील, असे एखादे काम शिकून घ्या.